दक्षिणमुखी पॅनेल

माझ्या सासूबाईंचं आणि माझं आयुष्यात फारशा गोष्टींवर एकमत झालं नाही. भातात मीठ घालावं की नाही इथपासून ते फ्रिजमध्ये कोथिंबीर उभी ठेवावी की आडवी इथपर्यंत आमची मतं वेगळी. पण एका बाबतीत आम्ही दोघी एकदिलानं एका बाजूला होतो. त्यांनी आमच्या फ्लॅटमधून जावं, असं दोघींनाही मनापासून वाटत होतं. फक्त हे बोलून दाखवायची सोय नव्हती. मी बोलले असते तर मी वाईट सून, त्या बोलल्या असत्या तर मुलगा दुखावला असता. म्हणून आम्ही दोघी गप्प होतो आणि एकमेकींचे कप विसळत होतो.

त्यांना जायचं होतं त्यांच्या स्वतःच्या घरी. बारवीच्या रस्त्याला, पाड्याच्याही पलीकडे, ओढा ओलांडून शेतात त्यांचं कौलारू घर आहे. सासरे होते तोवर दोघं तिथेच राहिले. विजेचा शेवटचा खांब पाड्यात संपतो, ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे चिमणी आणि कंदील. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांना बदलापूरला आणलं. आई एकटी, अंधारात, मोबाईल बंद पडलेला, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण भातकापणी झाली, शेतात वाल पेरायचे दिवस आले, आणि सासूबाई गॅलरीत उभ्या राहून समोरच्या बिल्डिंगकडे अशा बघायला लागल्या की बिल्डिंगलाही अवघडल्यासारखं झालं असेल.

"आईंना तिकडे सोलर बसवून दिलं तर?" एका शुक्रवारी मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे विषय काढायला दिवस बरा होता.

"तू बसवणार?" नवरा पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाला.

"मी भूगोल शिकवते."

यावर त्याला इतकं हसू आलं की वारा घ्यायचं राहिलं. पण मग त्यानं अट घातली. मार्गशीर्षभर रोज संध्याकाळी आईचा फोन लागला पाहिजे आणि घराबाहेर रात्रभर एक दिवा जळला पाहिजे. तसं झालं, तर आई तिथेच राहील. फोन एकदा जरी बंद लागला, तर तो जाऊन तिला घेऊन येणार आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. माझी नणंद अंबरनाथला शिवमंदिराकडे राहते, तिनं फोनवरून आणखी एक कलम जोडलं. "साधा फोन नको हं वहिनी. मला आईचा चेहरा दिसला पाहिजे." म्हणजे आठवडाभर चालणारा बटणांचा फोन बाद, आणि दिवसभरात धाप लागणारा मोठा फोन आला.

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि मला न मागता चहा दिला. गोडही जास्त होता. तेवढ्यावर आमचा करार झाला.

मी पुढचे काही दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात घालवले. सोलर बसवणारे सगळे लोक व्हिडिओत गोगलगायीसारखे शांत असतात आणि "बहुत आसान है" म्हणत असतात. त्यातून मला कळलं ते असं: पॅनेल ऊन घेतं, मधला कंट्रोलर नावाचा डबा त्याचा हिशेब ठेवतो, बॅटरी साठवते. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. हे मी फ्रिजवर लिहून चिकटवलं. नवऱ्यानं खाली लिहिलं, "मग डॉक्टर."

खरेदीला उल्हासनगरला गेले, कॅम्प तीनला. तिथल्या गल्लीत जीन्स शिवायच्या मशिनींचा आवाज इतका असतो की दुकानदाराला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, आणि दुसऱ्यांदा सांगताना आपणच आपल्याला मूर्ख वाटायला लागतो.

"दीदी, इस पे क्या चलाना है? फ्रिज? पंखा?" दुकानदारानं विचारलं.

"फ्रिज नही. सास चलानी है," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, आणि शेल्फवर ठेवलेली छोटी बॅटरी परत आत ढकलली. "तो फिर बडी वाली लो. सास के मामले में रिस्क नही लेने का."

पॅनेलसाठी स्टँडही त्याच गल्लीत मिळाला. मोडीत निघालेल्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय. कारखानदार ते भंगारात घालणार होता. मी पॅनेल बसवणार म्हटल्यावर त्यानं वरच्या फळीऐवजी तिरकी चौकट वेल्ड करून दिली. किती तिरकी, ते मी माझ्या वर्गातल्या कंपासपेटीतला कोनमापक लावून दाखवलं. तिथल्या कारागिरांनी मशिनी थांबवून ते बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

दिवाळी होऊन गेल्यावर रविवारी आम्ही सगळं टेम्पोतून नेलं. कौलांवर चढायला नवऱ्यानं साफ नकार दिला, म्हणून पॅनेल खळ्यात ठेवायचं ठरलं. भाताची झोडणी झाली होती, खळं मोकळं होतं आणि सारवलेलं होतं. मी पायात रबरी चपला, हातात भांडी घासायचे हातमोजे आणि कपाळाला रुमाल बांधून कामाला लागले. नवरा ओट्यावर बसून शेंगा सोलत होता.

"चटका बसला तर आवाज दे," तो म्हणाला.

मी आधी बॅटरी जोडली. फट् असा आवाज आला. तारा उलट्या लागल्या होत्या, फ्यूज उडाला. दुकानदारानं न मागता दोन फ्यूज जास्त दिले होते. त्याला माझा चेहरा बघूनच कळलं असणार. दुसऱ्यांदा लाल ती लाल आणि काळी ती काळी असं मोठ्यानं म्हणत जोडलं, मग पॅनेल जोडलं, आणि कंट्रोलरवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. पॅनेलकडून वीज येत असली की तो ठिपका लुकलुकतो. मी इतकी हरखले की नवऱ्याला बोलावून तो ठिपका दाखवला. त्यानं बघितला आणि म्हणाला, "एवढाच?"

सासूबाई मात्र बारकाईनं सगळं बघत होत्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या विहिरीच्या पाण्यानं काय केलंय?" मी म्हटलं, ही बॅटरी नाजूक आहे. "शहरातली हाय, दिसतंच," त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. "हे पॅनेल म्हणजे आपलं खाणारं माणूस. दिवसभर ऊन खातं. बॅटरी म्हणजे त्याचं पोट."

"तोंड कुठं केलंयस त्याचं?"

"दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो ना."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

त्या 'हं'वर मी खूश झाले. एवढी शाळा शिकवून मला अजून हं कळत नाही. स्टँडच्या चारही पायांना मी विटा लावल्या, जागा हलू नये म्हणून, आणि आम्ही निघालो. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. टेम्पो वळेपर्यंत त्यांनी हात हलवला, पण अर्धं लक्ष खळ्याकडे होतं.

पुढे काही दिवस सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी फोन लागे. पडद्यावर सासूबाईंचं कपाळ आणि कौलांचा वासा दिसे, कारण फोन कसा धरायचा हे त्यांना मान्य नव्हतं. नणंद म्हणे, "आई, चेहरा दाखव ना." मग एक डोळा यायचा. पण फोन लागत होता. फ्लॅटमध्ये मी कोथिंबीर आडवी ठेवत होते.

मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी नवऱ्यानं फोन लावला आणि बाईचा आवाज आला, पण चुकीच्या बाईचा. आपण ज्या क्रमांकावर संपर्क साधू इच्छिता. त्यानं पुन्हा लावला. मीही लावला. नणंदेनं अंबरनाथहून लावला. शेवटी पाड्यातल्या एकाला फोन करून निरोप काढला तेव्हा कळलं, आजी ठणठणीत आहेत, वालाला पाणी देत होत्या, पण घरात दिवा लागला नाही आणि फोन मेला आहे.

"रविवारी आणायला जाऊ," नवरा म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. नणंद लगेच म्हणाली, "मी पण येते दादा. आईचं सामान आवरायला बाईमाणूस पाहिजे." मी बाईमाणूस म्हणून आधीच उपलब्ध होते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी मी शाळेत दाढ दुखते असं कळवलं आणि शेअर रिक्षानं बदलापूर गावातून पुढे बारवीच्या रस्त्याला लागले. ओढा ओलांडून खळ्यात आले तर पॅनेल जागच्या जागी होतं. विटाही चारही पायांना नीट लावलेल्या होत्या. फक्त पॅनेलनं माझ्याकडे पाठ केली होती. मी दक्षिणेकडून येत होते.

"आई, हे फिरवलं कोणी?"

"फिरवलं नाय. नीट बसवलं," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्या वाल निवडत होत्या.

"मी नीटच बसवलं होतं."

"दक्षिणेला तोंड करून आपल्या घरात कोणी जेवतं? तुझ्या माहेरी जेवत असतील."

"ते जेवत नाही हो."

"तूच म्हणालीस, दिवसभर ऊन खातं. पोट पण दाखवलंस मला."

म्हणजे आम्ही टेम्पोतून निघालो त्याच दिवशी त्यांनी पाड्यातल्या एका बाईला मदतीला घेऊन पॅनेल उत्तरेला वळवलं होतं. उत्तर कुबेराची, आणि वीज म्हणजे घरात येणारी लक्ष्मीच, असा त्यांचा विचार. बिचारं पॅनेल थंडीच्या कोवळ्या उन्हाकडे पाठ करून, आभाळातून जेवढं उष्टं मिळेल तेवढ्यावर दिवस काढत होतं. बाहेरचा दिवा मात्र अटीप्रमाणे रात्रभर जळत होता. बॅटरी रोज थोडी थोडी खंगत गेली आणि गुरुवारी कंट्रोलरनं हात टेकले.

मी त्यांना अंगणात नेलं, वर बोट केलं. "बघा. सूर्य कुठे आहे? तिकडेच ना?"

"तो कुठं पण जाईल. तो देव हाय," त्या डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या. "आपण आपल्या मर्यादेत राहावं."

बावीस-तेवीस वर्षं शिकवतेय, पण असा विद्यार्थी मला भेटलेला नाही. मी बाकीचं सगळं सोडून दिलं आणि ओट्यावर बसले. "उद्या हे येणार आहेत. तुम्हाला न्यायला."

वाल निवडायचं थांबलं. "आणि ती?"

"तीही. पिशव्या तीच आणणार आहे."

सासूबाई खळ्याकडे बघत राहिल्या. कोंबड्या पॅनेलच्या सावलीत पाय दुमडून बसल्या होत्या. "तिकडं सकाळी उठून मी काय करू गं," त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, वालाशी म्हणाव्यात तशा. "इथं उठल्या उठल्या कोणतरी हाक मारतं. कोंबडी का असंना."

 मी स्वतःच्या फायद्यासाठी आले होते हे त्या क्षणी जरा अडचणीचं वाटलं.

"कर ना काय तरी," त्या म्हणाल्या. "तेवढी दक्षिण सोडून."

तेव्हा मला सुचलं. कसं सुचलं ते माहीत नाही, शनिवार होता म्हणून असेल. "पाड्याच्या वेशीवर मारुती आहे ना, आई. तो कुठे बघतो?"

त्यांनी मनातल्या मनात देवळाला प्रदक्षिणा घातली. "दक्षिणेला."

"आणि लहानपणी फळ समजून सूर्य गिळायला कोण निघालं होतं?"

 त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, खळ्यात गेल्या आणि स्टँडची एक बाजू धरून माझी वाट बघत उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनी मिळून पॅनेल वळवलं. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन स्वतःहून आला, कपाळासकट. नवरा म्हणाला, "लागला ते ठीक आहे, पण गुरुवारी बंद होता. उद्या जायचंच." तरी मी स्वतःवर इतकी खूश होते की जेवताना दोनदा हसले. नवऱ्यानं विचारलं, दाढ बरी झाली का. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी माझी चौकशी करायला घरी फोन केला होता. मी हसायचं थांबवलं.

रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर आणि नणंद मागून रिक्षानं असे ओढ्यापर्यंत गेलो. पुढे पायवाट. खळ्याच्या तोंडाशी नवरा एकदम थांबला, म्हणून नणंद त्याच्या पाठीवर आपटली. तिनं समोर बघितलं आणि आधी हात जोडले, मग विचारलं, "हे काय आहे?"

पॅनेल दक्षिणेलाच होतं. पण वरपासून निम्म्यापर्यंत तेलात कालवलेला शेंदूर थापला होता, जाड, चकचकीत. शेंदरात दोन चांदीच्या रंगाचे डोळे बसवले होते, बाजारात देवासाठी मिळतात तसे. गळ्यात, म्हणजे पॅनेलला गळा असतो तिथे, रुईच्या पानांची माळ. ते डोळे आमच्याकडेच बघत होते.

"दक्षिणमुखी," सासूबाई ओट्यावरून समाधानानं म्हणाल्या. "काल शनिवार होता. तसाच कसा ठेवायचा?"

नवऱ्यानं हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे बघितलं. ओढ्यात विशेष काही नव्हतं.

तो कंट्रोलरकडे गेला. हिरवा ठिपका विझलेला. "एवढं ऊन आहे आणि चार्जिंग होत नाही," तो म्हणाला. "आई, चल. हे काही जमायचं नाही." नणंद आत जाऊन दांडीवरची लुगडी काढायला लागली.

"शेंदूर पुसला तर होईल," मी म्हटलं.

"देवाचा शेंदूर कोण पुसणार वहिनी? तू?" नणंद आतून म्हणाली.

मी पुसणार नव्हते. त्याला मारुती मीच केलं होतं. आता मीच त्याला पॅनेल म्हणणं म्हणजे सासूबाईंसमोर कालचं सगळं बोलणं खोटं पाडणं. आम्ही दोघं उभे आणि ते दोन डोळे आमच्याकडे रोखलेले.

सासूबाई उठल्या. आतून नणंदेच्या हातातली लुगडी काढून परत दांडीवर टाकली. मोरीतून साबण आणला, जुनं फडकं आणलं, आणि केळीचं एक पान. पॅनेलसमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडले. मग पहिले दोन्ही डोळे अलगद काढले आणि शेंदूर पानावर निपटायला सुरुवात केली.

"आई, अगं देव कोपेल," नणंद म्हणाली.

"मारुती खोळ टाकतो. ऐकलं नाय कधी? शेंदूर जड झाला की टाकतो आपली आपण." हे खरं आहे, शेंदराचे थर सुटून येतात, ते वाहत्या पाण्यात सोडतात. पण एका रात्रीत खोळ टाकणारा मारुती हा पहिलाच असावा. "आणि कोपला तर माझ्यावर कोपेल. तुमच्या फ्लॅटपरीस बरा."

नणंदेला ते लागलं.  नवरा मात्र आईचा हात काचेवरून फिरताना बघत होता. तेल निघत नव्हतं, फडकं नुसतं सरकत होतं. सासूबाईंनी राखेकडे हात नेला तेव्हा मी म्हटलं, "राख नको, काच खरवडेल," आणि आणखी काही बोलायच्या आत नवऱ्यानं पिंपातून कळशी भरून आणली.

"ओत," सासूबाई म्हणाल्या. "हळू. अंघोळ घालतोयस, गाय धूत नाहीस."

त्यानं हळू ओतलं. दुसरी कळशी आणली. तिसऱ्या वेळी त्यानं पॅंट वर दुमडली आणि फडकंच त्यांच्या हातातून घेतलं. मी पॅनेलची तार पाण्यातून बाजूला धरून उभी होते, एवढंच तांत्रिक काम माझ्याकडे उरलं होतं. काच निळी दिसायला लागली तशी मी तार सोडून कंट्रोलरकडे पळाले. ठिपका आला होता. "आला," मी म्हटलं. नवऱ्यानं या वेळी "एवढाच?" म्हटलं नाही.

पानावरचा शेंदूर सासूबाईंनी ओढ्यात सोडला. डोळे टाकवेनात, म्हणून ते त्यांनी शिलाई मशीनच्या लोखंडी पायाला लावले, खाली, काचेच्या बाहेर. रुईची माळही तिथेच. मी तपासलं, सावली कुठे पडत नव्हती. "तोंड खाली, खायचं वर," त्या म्हणाल्या. 

जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. नणंद रुसली होती तरी दोनदा वाढून घेतलं. पिशव्या घडी घालूनच परत चालल्या होत्या. हात धुताना नवरा म्हणाला, "मी रोज फोन करणार आहे, आई. रोज."

"रोज कशाला? एक दिवसाआड कर. मला कामं असतात."

"आणि उचलायचा."

"बघू."

परतताना बदलापूर गाव आलं तसा त्यानं स्कूटरचा वेग कमी केला. मग म्हणाला, "लोक म्हणतील, आईला रानात ठेवली."

"लोकांना पॅनेल दाखवू," मी म्हटलं.

"तुला बरंच वाटलं असेल."

मी नाही म्हणणार होते. म्हटलं, "हो." त्यानं मान डोलावली. पाठीमागून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण कान जरा वर गेले होते, म्हणजे हसत असावा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यानं फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजून थांबला. तेवढ्यात अंबरनाथहून नणंदेचा फोन, "दादा, आई उचलत नाहीये." नवरा चप्पल शोधायला लागला. मी म्हटलं, अहो, वाजतोय ना? वाजतोय म्हणजे बॅटरी आहे. बंद लागला तर काळजी करायची.

"मग उचलत का नाही?"

मी हातातला चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. तिसऱ्या वेळी पलीकडून आवाज आला. पडदा सगळा काळा होता. फोन बहुधा कमरेला खोचलेला होता. मागे कोंबड्यांना कोंडण्याची गडबड ऐकू येत होती.

"काय हाय रे?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ता तर गेलात."